बाबांना न दिसलेली पेशी

बाबा रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. निवृत्तीनंतर ते विदर्भात परतले नाहीत, रायपूरलाच राहिले. मी पेशींवर संशोधन करते याचा त्यांना अभिमान होता, पण घरी आणलेले फोटो बघून म्हणायचे, "या तर साऱ्या मेलेल्या. जित्ती दाखवशीन तवा खरं."

"नवा मायक्रोस्कोप येऊन राहिला बाबा. केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढं दिसते त्यात, तेही जिवंत पेशीत."

यंत्र यायला वर्षं गेली. आलं तेव्हा सिलतऱ्याच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या ट्रकांच्या हादऱ्यानं चित्र थरथरायचं. हादरे बसू नयेत म्हणून यंत्राखाली वेगळा पाया बांधून होईपर्यंत बाबांच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला. समोरचं दिसेना, कडेचं तेवढं दिसायचं. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

तरी एका सकाळी मी त्यांना संस्थेत घेऊन गेले. पेशींच्या थरावर एक ओरखडा काढला होता. त्याच्या काठावरची एक पेशी मी संगणकाच्या पडद्यावर आणली. बाबांनी मान तिरकी केली.

"हिरवं हिरवं आहे काहीतरी. चालून राहिली का वं?"

"हो. पुढे बारीक बोटं काढते, काच चाचपते, मग अंग ओढून घेते."

"कुठं चालली?"

"मधली जागा रिकामी झाली, ती भरायला."

"एकटीच?"

"नाही. मागून बाकीच्या येऊन राहिल्या."

मी सांगत होते, ते मान हलवत ऐकत होते. मग पेशीनं बोटं आत घेतली. मी थांबले.

"काहून गप्प झाली?"

"थांबली बाबा. लेझरचा उजेड सोसत नाही तिला. फार वेळ बघितलं की मरते."

"मंग बंद कर न! माह्यासाठी काहून मारतं तिले?"

मी लेझर बंद केला.

घरी आल्यावर शेजारच्यांनी विचारलं, "क्या देख के आए, काका?"

"बेटी ने जितना बताया, उतना देखा," बाबा म्हणाले आणि दारातच खुर्चीवर बसले.

आता संस्थेत पाहुणे येतात. पडद्यावर क्षणभर नजर टाकतात आणि चहा कुठे मिळेल ते विचारतात. त्यांच्या धडधाकट डोळ्यांचा मला राग येतो. त्यात त्यांचा काही दोष नाही, हे कळत असूनही येतो.