जिचं कोकरू तिच्यापाशी

ती घटना आठवली की आजही माझ्या कानात आधी कोकरं ओरडायला लागतात. नोकरीत मी खुनांचे तपास केले, दरोडेखोरांच्या मागे उसाच्या फडातून पळालो, मोर्चे अंगावर घेतले. पण सकाळच्या हजेरीला ठाण्याच्या दारात उपाशी कोकरांनी भरलेली रिक्षा येऊन उभी राहिली, असं मात्र एकदाच घडलं.

निवृत्तीच्या आधी मी बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. कडाक्याची थंडी होती. रिक्षातून एक म्हातारा मेंढपाळ उतरला. ओरडून ओरडून त्याचा आवाज पार बसला होता. "सायेब, आया नेल्या. लेकरं ठिवली," एवढंच बोलून तो पायरीवर बसला.

ठाणे अंमलदार वैतागला. "आजोबा, ह्यो समदा कळप हितं कावून आणलात?"

"मग कुनापाशी ठिवू?" म्हातारा म्हणाला. "मागं कोण हाय माझ्या?"

पुढचं त्याच्या मुलीनं सांगितलं. ती त्यांच्याच गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. खांद्याला पर्स, मांडीवर कोकरू आणि हातात शेळीच्या दुधाची बाटली, अशी ती माझ्यासमोर खुर्चीवर बसली आणि फिर्याद देऊ लागली. नांदूरघाटच्या बाजूला एका शेतकऱ्यानं खतासाठी त्यांची मेंढरं आपल्या रानात बसवली होती. कोकरांनी रात्रभर पिऊन आयांना रिकामं करू नये म्हणून मेंढपाळ त्यांना वेगळ्या जाळीत ठेवतात. चोरांनी कुत्र्याला भाकरीतून काहीतरी घातलं, मोठ्या जाळीतल्या मेंढ्या गाडीत भरल्या आणि कोकरांची जाळी तशीच सोडून ते पसार झाले.

जबाब घेणं हे आमच्या खात्यातलं सगळ्यात कंटाळवाणं काम. माणूस सांगताना सगळं एकात एक कालवतो. "पांढऱ्या गाडीतून दाढीवाला शिव्या देत उतरला" असं सांगतो, आणि नीट विचारलं की दाढी एकाची, शिव्या दुसऱ्याच्या आणि गाडी भलतीकडेच उभी होती असं निघतं. या बाईंचा जबाब मी एकदाही थांबवला नाही. काय पाहिलं, काय आबांकडून, म्हणजे वडिलांकडून, ऐकलं आणि काय नुसता अंदाज आहे, हे त्यांनी निवडून वेगळं ठेवलं होतं. लिहून घेणारा हवालदार म्हणाला, "साहेब, हे तर असंच्या असं कोर्टात जाईल."

"बाई, घाई किती आहे?" मी विचारलं.

"दूध आटायच्या आत मेंढ्या मिळायला पाहिजेत, साहेब. आटलं की आई पिल्लाला जवळ घेत नाही. शेळीच्या दुधावर ही सगळी जगणार नाहीत. एक आज पहाटे गेलं." एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली आणि बाटली कोकराच्या तोंडात धरली.

मी मनात म्हटलं, कुठली मेंढी कुणाची हे तिचं कोकरूच सांगणार; दूध आटलं की माझा पुरावाही आटणार.

दुसऱ्या दिवशी मेंढ्यांच्या खुणांबद्दल पुरवणी जबाब घ्यायचा होता म्हणून शाळेवर गेलो. नववीचा तास चालू होता. मी दाराबाहेर थांबलो. पोलिसाला दाराबाहेर थांबून ऐकायची सवय असतेच.

बाईंनी फळ्यावर इंग्रजीत वाक्य लिहिलं होतं: 'ग्रेझिंग इन द फील्ड, द शेफर्ड सॉ हिज शीप.' अर्धा वर्ग फिदीफिदी हसत होता. पुढच्या बाकावरची एक मुलगी चिडून म्हणाली, "बाई, हे कावून हसायलेत? माझं वाक्य हाय ते!"

"बरं, मला सांग, चरतंय कोण?"

"मेंढ्या."

"पण 'चरत असताना' हे तू कुणाला चिकटवलंस? त्याच्या शेजारी कोण उभं आहे बघ."

मुलीनं फळ्याकडं पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. "अय्यो, मेंढपाळ!"

"घातलंस की नाही माझ्या आबाला गवत खायला?" बाई म्हणाल्या आणि मग सगळ्यांत आधी ती मुलगीच खो-खो हसली.

मग त्यांनी जे समजावलं ते मी साठीला टेकलो असताना पहिल्यांदा ऐकलं. मराठीत शब्दाला 'ने', 'ला', 'चा' असे प्रत्यय लागतात, त्यामुळे शब्द जरा इकडेतिकडे झाला तरी त्याचं नातं कळतं. इंग्रजीत बहुतेक नाती जागेवरूनच कळतात. वर्णन करणारा शब्द ज्याच्याजवळ उभा, त्याचाच तो झाला. 'ओन्ली' हा एवढासा शब्द घेऊन त्यांनी तो एकाच वाक्यात तीन ठिकाणी बसवून दाखवला. एकदा 'फक्त आबांनीच गाडी पाहिली' झालं, एकदा 'आबांनी गाडी नुसती पाहिली' झालं, आणि एकदा 'आबांनी फक्त गाडीच पाहिली'.

"संध्याकाळी कोकरं सोडल्यावर आपण काय बघतो?" त्यांनी विचारलं.

"जिचं तिच्यापाशी गेलं का!" मागून दोन-तीन आवाज आले. वर्गात निम्मी पोरं मेंढरामागं वाढलेली.

"चुकीच्या आईला लावलं तर?"

"लाथ मारती, बाई!"

"वाक्य पण मारतं. जिचं कोकरू तिच्यापाशी ठेवायचं. बास, एवढंच व्याकरण आहे."

वाक्य संपलं आणि त्यांचं लक्ष खिडकीबाहेर गेलं. शाळेच्या कुंपणाला लागून कोकरांची जाळी लावली होती. मधल्या सुट्टीत पाजायला सोपं म्हणून. काय बाई होती! घरचं सगळं लुटलं गेलंय, पिल्लं डोळ्यांदेखत वाळतायत, आणि ही फळ्यापाशी उभी राहून पोरांना हसवतेय. मी टोपी काढून हातात घेतली, आणि कोणी पाहिलं नाही याची खात्री करून परत घातली.

खबर आली ती तिसऱ्या दिवशी सकाळी, कपिलधारच्या रस्त्यावरून. तिकडं नारळ-प्रसाद विकणारा एकजण माझ्या जुन्या ओळखीचा होता. त्याचा फोन आला. "साहेब, हितं एका पुढाऱ्याच्या शेतात मेंढ्या हायत. समद्या कातरलेल्या. आता तुमीच सांगा, ऐन थंडीत दुभती मेंढी कोण कातरतं बे... माफ करा, साहेब, तोंडातनं गेलं."

थंडीत कातरलेली मेंढी कुडकुडते आणि दूध कमी करते. मेंढपाळ असं कधी करणार नाही. अंगावरची गेरूची खूण घालवायला लोकरच काढून टाकायची, ही अक्कल व्यापाऱ्याचीच. मी त्या हद्दीच्या ठाण्याला कळवलं, स्टेशन डायरीत नोंद केली आणि निघालो.

शेताचा मालक गावातला वजनदार माणूस. जनावरांचा व्यापारही करायचा. आम्हाला बघून त्यानं लिंबाखाली बाज टाकली, चहा मागवला, आणि पहिल्या घोटाआधी दोन आमदारांची नावं घेतली. मेंढ्या वडवणीच्या बाजारात घेतल्या, म्हणाला. पावती? हरवली. विकणारा? "उंच माणूस. लाल पटका. जरा लंगडत होता. पांढरी गाडी होती बघा." सगळं कसं धडाधड.

एरवी मी 'नाव काय, गाव काय' करत बसलो असतो. त्या दिवशी मला फळ्यावरची मेंढरं आठवली. मी गप्पा हाणल्या, उसाच्या भावाबद्दल बोललो, दुसरा चहा घेतला आणि मग सहज एकेक वर्णन सुटं करून विचारत गेलो.

"लाल पटका लई लांबून दिसत असेल नाही बाजारात?"

"हो ना. ड्रायव्हर त्या पटक्यावरूनच सापडला आम्हाला."

"म्हणजे पटका ड्रायव्हरला होता?"

"हां... ड्रायव्हरलाच."

"आणि लंगडत कोण होतं?"

त्यानं मेंढ्यांकडं नजर टाकली. "एक मेंढी लंगडत होती की. तीच म्हणतो मी."

"आणि उंच?"

"साहेब, तुम्ही पण काय शब्दाला धरून बसलात!"

शेतावरच्या गड्याला मी पलीकडं नेऊन वेगळं विचारलं, तर त्यानं पांढरा रंग गाडीवरून उचलून विकणाऱ्याच्या धोतरावर नेऊन ठेवला. खरं बोलणारा माणूस पुष्कळ गोष्टी विसरतो. पण लाल पटका डोक्यावर कुणाच्या होता, हे तो विसरत नाही, कारण त्यानं तो त्या डोक्यावरच पाहिलेला असतो. खोटं बोलणाऱ्यानं वर्णनं आधी गोळा केलेली असतात आणि ती कुणाच्या गळ्यात बांधायची हे तो ऐनवेळी ठरवतो. हे मला तीस-एक वर्षांच्या नोकरीत अंधुक जाणवत होतं, पण नेमकं हाताला लागलं ते त्या तासामुळे.

तरी कोर्टात एवढं चाललं नसतं. म्हाताऱ्याला बोलावलं. त्यानं मेंढ्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि रडायलाच लागला. "ह्याच हायत." पुढारी हसला. "आजोबा, कातरल्यावर मेंढी मेंढीसारखीच दिसती. कोकरं आणायची असतील तर आणा. बघू तरी."

तो एवढा बिनधास्त का आहे, ते मला तेव्हा कळलं नाही. बाईंना फोन केला. शाळा सुटल्याबरोबर त्या पिकअपमधून कोकरं घेऊन आल्या. दोन पंच उभे केले आणि मोबाईलवर चित्रीकरण सुरू झालं. कोकरं खाली सोडली, आणि ती जागच्या जागी उभी राहिली. पांढऱ्याफटक, उघड्या पडलेल्या त्या मेंढ्यांकडं ती बावचळून बघत होती. एक तर घाबरून मागं सरकलं.

"बघा, साहेब," पुढारी पंचांकडं वळून म्हणाला. "आईला कुणी भितं का?"

आता मला कळलं. कातरल्यानं रूप बदलतं, आणि पिल्लू लांबून रूप बघतं. हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तर तो हसत होता. म्हाताऱ्यानं हाक मारायला तोंड उघडलं, पण घशातून नुसती हवा आली.

तेव्हा बाईंनी पर्स माझ्या हवालदाराच्या हातात दिली, पदर खोचला आणि संध्याकाळी मेंढरं वाड्यावर बोलावतात ती हाक मारली. तो आवाज मला लिहिता येणार नाही. इंग्रजी शिकवणाऱ्या, इस्त्रीची साडी नेसलेल्या बाईच्या गळ्यातून तो निघेल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. सगळ्या मेंढ्यांनी एकदम माना वर केल्या आणि ओरडल्या. प्रत्येकीचा आवाज वेगळा. आणि मग कोकरं सुटली! धडपडत, एकमेकांच्या अंगावरून उड्या टाकत, जे ते आपल्या आईच्या पोटाखाली. शेपट्या नुसत्या थरथरत होत्या. एकही चुकलं नाही. पंच असलेला एक शेतकरी डोळे पुसत म्हणाला, "लिवा सायेब, लिवा. आता इचारायचं काय राहिलं?"

पुढाऱ्यानं खिशातला मोबाईल काढला आणि परत ठेवला. आमदारांची नावंही परत निघाली नाहीत. त्याच संध्याकाळी गड्यानं सगळं सांगून टाकलं. एक मेंढी आधीच खाटकाला गेली होती, हेही त्यातच कळलं.

पण पंचनामा संपत आला तरी एक मेंढी फिरतच होती. ती प्रत्येक कोकराला हुंगायची, ओरडायची आणि पुढं जायची. पहिल्या पहाटे गेलेलं कोकरू तिचं होतं. आणि कोपऱ्यात एक कोकरू एकटंच उभं होतं. खाटकाला गेलेल्या मेंढीचं. बाई त्याला उचलून त्या मेंढीकडं घेऊन गेल्या. तिनं हुंगलं आणि ढुशी देऊन लांब ढकललं. बाईंनी पुन्हा ठेवलं, तिनं पुन्हा ढकललं. इतका वेळ खंबीर उभी असलेली ती बाई तिथं मातीत बसून रडली.

मुद्देमाल म्हणून मेंढ्या कोर्टाचा हुकूम होईपर्यंत ठाण्याच्या आवारात राहिल्या. ठाणे अंमलदारानं आधी डोकं धरलं आणि मग स्वतःच्या घरून कडब्याच्या पेंढ्या आणल्या. पुढे सुपूर्दनाम्यावर सगळं म्हाताऱ्याच्या ताब्यात दिलं.

मला त्या केसचं बक्षीस मिळालं, शाबासकीचं पत्र मिळालं. खरी शाबासकी कुणाची, हे मला पक्कं माहीत आहे. त्यानंतर ज्या ज्या नव्या फौजदारांना शिकवायची वेळ आली, त्यांना मी सांगत आलो की साक्षीदार जे सांगेल त्यातला एकेक तपशील उचला आणि विचारा, हा कुणाचा? ज्याचा त्याच्यापाशी नेऊन ठेवा. जो तपशील कुणाकडेच जात नाही, तिथं थांबा.

दोनेक महिन्यांनी, निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात निरोप घ्यायला शाळेवर गेलो. बाई मला कुंपणापाशी घेऊन गेल्या. तिथं ती मेंढी दाव्याला बांधलेली होती, अंगावर नवी लोकर आलेली. आणि तिच्या पोटाखाली, ढुशा देत, ते परकं कोकरू पीत होतं.

"कसं जमवलंत?" मी विचारलं.

"आबांनी रोज दोघांना शेजारी बांधलं. रोज तिनं लाथ मारली. एक दिवस मारली नाही." बाई हसल्या, पण डोळे भरून आले होते. "साहेब, माझ्या व्याकरणात हे बसत नाही. पण राहू द्या."