राणीच्या पाठवणीचा धवला

पेणहून रोह्याला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत आमच्या जागा ठरलेल्या आहेत. एखाद्या दिवशी कुणी आला नाही तर त्याची जागा रिकामीच राहते, तिथे दुसरं कुणी बसत नाही. माझ्यासमोर प्रदीप बसतो. तो धाटावच्या एका कंपनीत फिटर आहे. त्याच्याशेजारी खिडकीपाशी कान्हू घरत. तोही धाटावलाच जाणाऱ्यांपैकी, पण ठेकेदाराकडे, लोडिंगच्या कामावर. मी रोह्यातल्या एका पतसंस्थेत हिशेबाचं काम पाहतो आणि यंदा निवृत्त होणार आहे.

मला आणि प्रदीपला जोडणारी गोष्ट एकच, समोर बसून गाणं ऐकण्याची हौस. मला शास्त्रीय गाणं लागतं. त्यासाठी मी पुण्यापर्यंत जातो. प्रदीपला ऑर्केस्ट्रा. पनवेलपासून महाडपर्यंत कुठेही ऑर्केस्ट्रा लागला की तो मोटारसायकल काढतो. सुट्टी संपली की गाडीत आमचं सांगणं सुरू होतं. मी सांगतो, गायकाने पंख्याची घरघर सुरात येते म्हणून सगळे पंखे बंद करायला लावले आणि आम्ही घामाने भिजलो, तरी कुणी उठलं नाही. प्रदीप सांगतो, भर कार्यक्रमात लाइट गेली, तर गायिका माइक खाली ठेवून तशीच गात राहिली आणि लोकांनी मोबाइलच्या बॅटऱ्या तिच्यावर धरल्या. जो गेला नसेल त्याला गेल्यासारखं वाटलं पाहिजे, असं सांगायचं, हा आमचा नियम.

कान्हू हे सगळं ऐकायचा. स्वतः बोलायचा नाही. एकदा प्रदीपने त्याला डिवचलं.

"कान्हूदादा, तुमी कवा काय ऐकलं का नाय? का निस्तं आमचंच फुकट ऐकताव?"

"ऐकलंय ना. हौसाला ऐकलंय."

"ही कोन नवीन?"

"हौसा धवलारीन. आमच्या गावची."

प्रदीप हसला. "अवो, ती लग्नात गाते. तो काय प्रोग्राम झाला?"

"तुजी बाई कागद बगून गाते का नाय?"

"बगते कधी कधी."

"हौसाकडं कागद नाय. आनि तुजी बाई पनवेलला गायली तेच पेनला गाते. हौसाचं आजचं उद्या नाय. आज ऐकलं तं ऐकलं."

 मी मनात म्हटलं, मैफिलीला जाणाऱ्याने याहून वेगळं काय सांगायचं असतं?

आगरी लग्नात धवलारीण लागते. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला ती धवला गाते, आणि तिचं गाणं झाल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. चाल जुनी, पण मजकूर त्या त्या घरचा. बापाचं नाव, आईचं माहेर, दारातली विहीर, कुणाची म्हैस व्यालेली असली तर तीसुद्धा ती गाण्यात घेते. खाडीकडच्या गावांत हौसासारखी धवलारीण झाली नाही, असं कान्हू म्हणायचा. तरुणपणी तो मिठागरात होता. डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहायच्या आणि कुठे मांडव दिसला की बोलावणं असो नसो, जाऊन खांबाला टेकून उभं राहायचं. नवरीकडचे म्हणायचे हा नवऱ्याकडचा, नवऱ्याकडचे म्हणायचे हा नवरीकडचा. जेवायला मात्र दोन्हीकडचे बसवायचे.

त्याची बायको सीताबाई मला पुढे सांगत होती, "आमच्या लग्नात भटजी तांदूल टाकाया लागला, तं यांनी त्याचा हात धरला. म्हनतात, थांब जरा, हौसाचं सपू दे. मंडपात नवरी मी उबी, नि यांचं ध्यान तिच्याकडं!"

एवढ्या शौकिनाने स्वतःच्या मुलीच्या लग्नात मात्र हौसाला ऐकलं नाही. म्हणजे हळद ऐकली, मांडव ऐकला, पाठवणी राहिली. राणी त्याची एकुलती. दोन वर्षांपूर्वी तिला निडीला दिली. पाठवणीच्या वेळी ती सजवलेल्या गाडीत बसली, हौसा गाडीच्या काचेपाशी गेली, आणि त्याच क्षणी नवऱ्यामुलाच्या मित्रांनी डीजे सुरू केला. बास असा की मांडवाचं कापड थरथरत होतं. कान्हू चार माणसं मागे होता. पुढे जाईपर्यंत गाडी हलली. हौसाचं तोंड हलताना त्याने पाहिलं. आवाज त्याच्यापर्यंत पोचला नाही.

"शूटिंगमधी असंल की," प्रदीप म्हणाला.

"शूटिंगमधी डीजेच हाय," कान्हू म्हणाला. "मी लय वेला लावून बगितलं. हौसा दिसते. तिचं व्हट दिसतात. माजं नाव घेतलं आसंल का, कसं कलनार?"

सगळ्या बापांचा पाठवणीचा धवला त्याने ऐकला होता. मैलोनमैल चालत जाऊन ऐकला होता. आणि त्याच्या स्वतःच्या नावाचा एकच होता, तो वाऱ्यावर गेला.

आमची गाडी रोज निडीला थांबते. कान्हू तेव्हा उठून दारात उभा राहतो. कधी राणी फलाटावर येते, काही हातात देते, बहुतेक वेळा येत नाही. गाडी सुटली की तो परत येऊन बसतो आणि रोह्यापर्यंत आम्हीही त्याला काही विचारत नाही.

दिवाळी झाली आणि एका सकाळी तो गाडीत शिरला तोच वेगळ्या तोऱ्यात. "भाऊ, प्रदीप, येत्या रविवारी माज्याकडं लगीन हाय. दोगांनी याचं."

"कुनाचं? घरात तं कोन ऱ्हायलं नाय," प्रदीप म्हणाला.

"तुलशीचं."

त्याने सगळं जुळवलं होतं. हौसा आता म्हातारी झाली होती. लग्नांना तिला बोलावणं येत नव्हतं, आणि कान्हूने कितीदा विचारलं तरी मांडवाबाहेर ती तोंड उघडत नसे. लग्न नसताना धवला म्हणणं तिच्या लेखी अशुभ. मग तुळशीचं लग्न हेही लग्नच की. मांडव आहे, अंतरपाट आहे, नवरानवरी आहेत. राणी माहेरी येणार होती. हौसा सगळे विधी गाईल, शेवटी पाठवणीचाही गाईल, राणीला समोर पाहून तिला तेव्हाचं आठवेल. एवढं बोलून त्याने आमच्याकडे पाहिलं. मला त्यात चूक दिसली नाही. प्रदीपला तर तो मोठाच बेत वाटला.

रविवारी दुपारी आम्ही पेणहून मिनीडोर रिक्षाने त्याच्या गावी गेलो. अंगणात उसाचा मांडव, तुळशीला हिरवं नेसवलेलं, वृंदावनापाशी बोरं, आवळे, चिंचा. हौसा खुर्चीवर बसली होती. अंगाने वाळलेली, केस पांढरे, डोळ्यांत मात्र सगळ्या अंगणाचा बंदोबस्त.

"नवऱ्याकडचं कोन हाय?" तिने आल्या आल्या विचारलं. "दोन घरं नसतील तं मी कुनाला गाऊ?"

सीताबाईने आमच्याकडे बोट दाखवलं. "हे दोगं. किस्नाकडचं वऱ्हाड."

"यवडंसं? गोकुल ओस पडलं का काय?" हौसा म्हणाली आणि बायका हसल्या. तिने प्रदीपला गाव विचारलं, मला आईचं नाव विचारलं. मग दिवस कलताना तुळशीला हळद लावायला घेतली आणि ती गायला लागली.

मी आयुष्यभर बरंच ऐकलं आहे. हौसाचा आवाज फाटलेला होता, वरच्या सुराला तो पोचत नव्हता. पण तिथे पोचायच्या आधी ती थांबायची, आणि तो न लागलेला सूर आपल्यालाच ऐकू यायचा. मध्येच माझ्या आईचं नाव आलं. ती कृष्णाची मावशी झाली होती आणि मुंडावळ्या घेऊन होडीतून येत होती. माझी आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मी मान खाली घातली. प्रदीपने मोबाइल काढला होता तो खिशात परत ठेवला.

कान्हू खांबाला टेकून उभा होता. हळद झाली, लग्न लागलं, तांदूळ पडले, हौसाने पाणी मागितलं आणि पदराने तोंड पुसलं.

"आत्ये, आता पाठवनीचा," कान्हू म्हणाला.

"कुनाच्या?"

"तुलशीच्या."

"तुलस कुठं जाते रं येड्या?" हौसा म्हणाली. "ती तं दारातच ऱ्हाते. नवरा येतो नि तोच हितं ऱ्हातो. घरजावई हाय तो!"

अंगण हसलं. कान्हूही हसल्यासारखं करत होता. त्याने इतकी लग्नं पाहिली होती, दरवर्षी घरच्या तुळशीचं लग्न लावलं होतं, आणि ही साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती. माझ्याही नव्हती.

"मग राणीचा म्हन," तो म्हणाला. "ती हाय हितं. सकालच्या गाडीनं जानारच हाय."

हौसा आता हसत नव्हती. "गेलेली पोर परत कशी पाठवू, कान्हू? पाठवनी येकदाच. आनि तवाचं माज्या ध्यानात नाय. तोंडाला येतं नि जातं. तुज्यापासून कशाला लपवू?"

सीताबाईने सगळ्यांना प्रसाद दिला. कान्हू मांडवाच्या उसाच्या गाठी सोडायला लागला. "आवो, ऱ्हाऊ द्या ते, उद्या सोडा," सीताबाई म्हणाली. त्याने ऐकलं नाही. राणी दारात उभी राहून बापाकडे पाहत होती.  आम्ही निरोप घेऊन निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत कान्हूच्या बरोबर राणी होती. तिने खिडकीची जागा घेतली, कान्हू तिच्याशेजारी बसला, प्रदीप माझ्याकडे आला. सोमवार होता, म्हणजे सांगण्याचा दिवस, पण सगळ्यांनी एकच मैफल ऐकलेली. तरी प्रदीप न राहवून सांगायला लागला. हौसा कुठे थांबली, तेव्हा त्याच्या अंगावर कसा काटा आला, त्याच्या गावचं नाव तिने कुठे ओवलं. त्याने तिच्यासारखी मान वळवून दाखवली तेव्हा राणी ओढणी तोंडाला लावून हसली.

"तुज्या लग्नात पन अशीच गायली का गो?" प्रदीपने विचारलं. मी त्याच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता.

"गायली ना," राणी म्हणाली. "काचेतून आत वाकून गायली."

कान्हूने तिच्याकडे पाहिलं. "तुना ऐकाया आलं?"

"आलं की. डीजे भायेर व्हता. ती माज्या कानाशी व्हती."

"मग तू कवा बोलली नायस?"

"तू कवा ईचारलंस, बाबा?"

हे खरं होतं. दोन वर्षं त्याने शूटिंग पाहिलं, हौसाला विचारलं, आम्हाला सांगितलं. रोज राणीच्या स्टेशनावर दारात उभा राहिला. मुलीला पाठवणीबद्दल विचारायचं त्याला सुचलं नसेल, किंवा तो धजला नसेल.

नागोठणे मागे गेलं होतं. कान्हूने हात मांडीवर ठेवले. "काय म्हनली?"

राणीने आमच्याकडे एकदा पाहिलं. मग बाहेर पाहत, आमच्या सांगण्यासारखं रंगवून नाही, शाळेत पाठ म्हणतात तसं ती म्हणाली, "म्हनली, बापूस बांधावं उबा हाय. डोईवं मिठाची पाटी हाय. लेकीची होडी चालली. पाऊस आला, पाटीतलं मीठ पानी होऊन बापाच्या अंगावरनं चाललं, तरी बापूस पाटी खाली ठेवत नाय. होडी दिसंनाशी झाली, तरी उबाच हाय."

 कान्हूचा हात नकळत डोक्याकडे गेला आणि परत खाली आला.

"पुढं?"

"पुढं आयेचं व्हतं. ती चुलीपाशी माज्या नावानं हाक मारते, असं काय तरी. आनि शेवटाला परत तुजं व्हतं. पन मना रडाया आलं, नि गाडी हालली. ती काचेसंगं थोडी धावली. मना नाय कललं काय म्हनली ती."

"थोडं पन नाय?"

"नाय, बाबा."

"म्हनून दाखव ना. चाल कशी व्हती ती."

"मना गाया येतं का?" राणी म्हणाली. "तुज्यासारखीच मी."

गाडीचा वेग कमी झाला. राणीने पिशवी उचलली, त्यात सीताबाईने घातलेले उसाचे तुकडे बाहेर डोकावत होते. ती प्रदीपला येते म्हणाली, मला वाकून नमस्कार केला. कान्हू तिच्यामागून दारापर्यंत गेला. ती उतरली, पदपुलाकडे न जाता फलाटाच्या उताराने चालत गेली, एकदा मागे वळली. गाडी सुटली तरी कान्हू दारातच होता. प्रदीप त्याला हाक मारणार होता, मी नको म्हटलं.

बऱ्याच वेळाने तो आला आणि राणीच्या जागेवर, खिडकीपाशी बसला. बाहेर कापून झालेली भातशेतं होती.

"शेवटाला माजं व्हतं काय तरी," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, जणू मी त्या मैफिलीला हजर होतो आणि मला ठाऊक असेल, असं परत म्हणाला, "बगा ना भाऊ. शेवटाला माजं व्हतं."