गावाला न विचारता लिहिलेला आराखडा

माझ्या हातून समाजाची जी काही सेवा झाली, तिची सुरुवात मी पंख्याखाली उघड्या अंगानं बसून केली.

नव्वदनंतरची पहिली दोन-तीन वर्षं. जळगावला नवं विद्यापीठ झालं होतं. तोवर हॉलतिकिटापासून निकालापर्यंत आमचं सगळं पुण्याहून यायचं. आता घरचं विद्यापीठ आलं, आणि नव्या सुनेसारखं तेही पहिल्याच वर्षी दिसेल ते काम अंगावर घ्यायला लागलं. त्यातलंच एक काम म्हणजे विद्यापीठानं समाजासाठी येत्या काळात काय काय करायचं याचा आराखडा. त्यासाठी एक समिती झाली आणि प्रत्येक सभासदानं एका गावात जाऊन, घरोघरी फिरून, लोकांना काय हवंय ते लिहून आणायचं असं ठरलं.

मी धुळ्याच्या एका कॉलेजात मराठीचा लेक्चरर होतो, अजून प्रोबेशनवर. आमच्या प्राचार्यांनी मला न विचारताच माझं नाव समितीला कळवलं. वर मला बोलावून म्हणाले, "हे काम नीट झालं, तर तुम्हाला कायम करायच्या कागदावर मी डोळे झाकून सही करीन. बिघडलं, तर डोळे उघडे ठेवून करणार नाही."

नोकरी कायम होण्यावर माझं बरंच काही अटकलं होतं. सासऱ्यांनी मुलगी दिली ती 'जवाई प्राध्यापक शे' असं पंचक्रोशीत सांगून. दोन वर्षांत जावई घरी बसला असता, तर त्यांना पिंपळनेरच्या बाजारात तोंड दाखवणं कठीण झालं असतं. मला तर सासुरवाडीच्या वाटेवर साक्री स्टँडच्या पुढे तिकीटच काढता आलं नसतं.

एवढं सगळं माहीत असूनही मी गावात गेलो नाही. चैत्रातलं ऊन होतं, एसटीत जागा मिळत नाही, वगैरे. सासुरवाडीचंच गाव निवडलं आणि दोन दुपारी घरात बसून ते सगळं फिरलो. लिहिताना हात असा काही चालला की काय सांगू! 'ग्रामस्थांच्या डोळ्यांत ज्ञानाची तहान दिसली' हे वाक्य मी दोनदा मोठ्यानं वाचलं. गावाची पहिली मागणी मी लिहिली ग्रंथालय, दुसरी व्यक्तिमत्त्व विकास शिबिर आणि तिसरी, आता लाज वाटते, वसंत व्याख्यानमाला. बायकोनं वाचून विचारलं, "आमच्या गावात हे कोण म्हणालं?"

"गाव म्हणालं."

"गाव कपाशीच्या वखरणीबद्दल बोलतं, नाहीतर दुसऱ्याच्या सुनेबद्दल. व्याख्यानमाला कुठून आली?"

मी तिला म्हटलं की तुला संशोधनाची पद्धत कळत नाही.

जळगावच्या बैठकीत सगळ्यांचे अहवाल वाचून झाले. समितीचे अध्यक्ष निवृत्तीला आलेले, चष्म्यावरून बघणारे, कमी बोलणारे गृहस्थ होते. ते म्हणाले, "सगळ्यात रसाळ अहवाल धुळ्याच्या सरांचा आहे. मला हे गाव बघायचंय. केव्हा जाऊ या?"

 वर्गात फळ्याकडे पाठ करून उभं राहणाऱ्या माणसाला तोंड सरळ ठेवायची सवय असते. मनातल्या मनात मी भराभर तारखा चाळल्या आणि मला एकदम आखाजी सुचली. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. त्या दिवशी खानदेशात शेताला कोणी हात लावत नाही. वर्षभर पत्त्याला न शिवणारे पुरुषही चारचौघांत, दिवसाढवळ्या, पारावर बैठक मारून पत्ते खेळतात. डाव रंगला की समोर कुलगुरू येऊन उभे राहिले तरी मान वर होत नाही. मी विचार केला, अध्यक्ष येतील, दोघाचौघांना विचारतील, कोणी उत्तर देणार नाही, आमरस खाऊन परत जातील. बिंग फुटायला बोलणारं माणूस लागतं ना!

"आखाजीला जाऊ," मी म्हणालो. "गावात सगळे भेटतील."

अध्यक्ष चष्म्यावरून माझ्याकडे क्षणभर बघत राहिले. म्हणाले, "उत्तम."

बायको आठ दिवस आधीच माहेरी गेली होती. आखाजीला मी आणि अध्यक्ष जीपनं निघालो. पाराजवळ उतरलो तर माझा अंदाज शंभर टक्के खरा. पाच-सहा बैठका बसलेल्या. माझ्या सासऱ्यांना अख्खं गाव नाना म्हणतं. ते सगळ्यात मोठ्या बैठकीत मध्यभागी, टोपी मागे सरकवून बसले होते. त्यांनी मला पाहिलं, मान हलवली आणि एक पत्ता टाकला.

अध्यक्षांनी नमस्कार केला. "नाना, विद्यापीठानं तुमच्या गावासाठी काय करावं?"

"आज नही साहेब," नाना हातातल्या पत्त्यांवरून नजर न काढता म्हणाले. "आज आखाजी शे. बसा. पत्ते वाटू का तुम्हले बी?"

माझ्या जिवात जीव आला. अध्यक्ष दुसऱ्या बैठकीकडे गेले, तिथंही तेच. तिसरीकडे तर त्यांना वारा अडतोय म्हणून बाजूला व्हायला सांगितलं. मी घाम पुसून म्हणालो, "सर, जेवायला घरी जाऊ या. खापरावरची पुरणपोळी आहे."

"जाऊ की," अध्यक्ष म्हणाले. "पण तो आवाज कसला येतोय?"

गावाच्या टोकाला मोठं निंबाचं झाड होतं. त्याला झोके बांधले होते आणि तिथं गाणी चालली होती. मी खानदेशात जन्मलो, वाढलो, आणि आखाजीची अर्धी बाजू साफ विसरलो होतो. त्या दिवशी पुरुष बोलत नाहीत हे खरं. पण सासरी गेलेली गावची प्रत्येक लेक त्या दिवशी माहेरी असते, तिच्या हाताला काम नसतं आणि तोंडाला लगाम नसतो.

अध्यक्षांना बघून गाणं थांबलं. माझी बायको तिथंच होती, पदर तोंडाला लावून माझी फजिती बघायला सज्ज. तिची थोरली बहीण झोक्यावर होती. शिरपूरकडे दिलेली, दोन लेकरांची आई. बायको तिला अक्का म्हणते, म्हणून मीही.

अध्यक्षांनी पिशवीतून माझा अहवाल काढला आणि चक्क वाचायला लागले. ग्रंथालयापर्यंत बायका ऐकत होत्या. व्यक्तिमत्त्व विकासाला एक हसली. व्याख्यानमालेला सगळ्या फुटल्या.

"ते कोनी मांगं?" एक म्हातारी म्हणाली.

"आमले कोनीच नही इचारं," दुसरी.

अक्कानं झोका पायानं थांबवला. "जवाईबापू, तुम्ही घरोघरी फिरलात म्हणे. आमच्या घरी कधी आलात? चहा तरी घेतला असतात!"

 प्राचार्यांचे उघडे डोळे मला समोर दिसत होते.

पण अध्यक्ष तिथंच मातीत बसले. "आता विचारतोय ना. सांगा, काय हवं?"

बायकांनी अक्काकडे बघितलं. मग अक्का म्हणाली, "साहेब, माझे बीएच्या दुसऱ्या वर्षाचे दोन पेपर राहिलेत. लग्न झालं तेव्हापासून. परीक्षेला धुळ्याला जायचं तर पहाटेची एसटी धरायची. ती धरली तर मागं लेकरं आणि भाकरी कोण बघेल? वर परीक्षा येते ऐन गहू काढायच्या दिवसांत. वर्षभरात आम्ही रिकाम्या फक्त आत्ता, माहेरी. पिंपळनेरला केंद्र द्या आणि आखाजीनंतर पेपर घ्या. आई लेकरं सांभाळील. मी पास होते की नाही बघा."

"मनंबी एक वरीस ऱ्हायेल शे," मागून कोणीतरी म्हणालं. मग आणखी एक. कोणाचं पहिलं वर्ष, कोणाचा एकटा इंग्रजीचा पेपर. अध्यक्ष माझ्याच अहवालाच्या पाठीमागे लिहीत होते. कोऱ्या बाजूची तेवढीच काय ती माझी मदत.

जेवणं झाली. निघालो. जीप गावाबाहेर आली तशी मी म्हणालो, "सर, मी सर्वेक्षण केलंच नव्हतं."

"ते मला जळगावलाच कळलं होतं."

"कसं?"

"तुमच्या अहवालात तुम्ही सबंध गाव फिरलात आणि एकाही घरात कोणी तुम्हाला 'जेवून जा' म्हटलं नाही. असं गाव खानदेशात नाही." ते पहिल्यांदाच हसले. "मीही चाळीसगावकडचा आहे. आखाजीला गावात कोण कुठं असतं ते मला ठाऊक आहे. म्हणून तर तारखेला हो म्हणालो."

 मी विचारलं, "प्राचार्यांना काय कळवाल?"

"तुम्ही जे लिहून आणाल ते. अंतिम अहवाल द्यायला अजून आठ दिवस आहेत." त्यांनी ड्रायव्हरला जीप थांबवायला सांगितली. "उतरा. सगळ्या लेकी अजून तिथंच आहेत. सासरी परतल्या तर तुम्हाला वीस गावं पालथी घालावी लागतील."

मी उतरलो. भर दुपारी, डोक्याला रुमाल बांधून गावाकडं चालू लागलो आणि इतकं हलकं वाटत होतं की ऊनसुद्धा लागेना. जन्मात पहिल्यांदा मला कोणीतरी रंगेहाथ पकडलं होतं आणि पकडून कामाला लावलं होतं.

निंबाखाली बायकोनं मला लांबूनच ओळखलं. "काय हो, नोकरीवरून काढलं का?"

"नाही. फिरायला पाठवलंय. घरोघरी."

बायका पुन्हा हसल्या, पण या वेळी त्यांनी जागा करून दिली. अक्का झोक्यावरून उतरली आणि पदर खोचून माझ्यासमोर बसली.

"लिहा," ती म्हणाली. "आधी माझं नाव. सगळं, माहेरचंसुद्धा. मार्कलिस्टवर तेच आहे."