सहाव्या दोराचा माणूस

सिरिल थ्रेलफॉल आमच्या चर्चच्या मनोऱ्यात सहावी घंटा वाजवायचा. बाकी तो कोण होता आणि कसा होता, ते गावाने नंतर पुष्कळ सांगितलं. मला विचाराल तर सहावी घंटा. मोठी खट आहे ती. जरा चुकीचा ओढला की दोर तळहात सोलून काढतो. त्याच्या हातात मात्र गुमान चालायची.

आमच्याकडे घंटा नुसती बडवत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येमध्ये विचारू नका. आठ घंटा, आठ दोर, आठ माणसं. एकदा ज्या क्रमाने वाजल्या त्या क्रमाने पुन्हा वाजायच्या नाहीत. दर फेरीला क्रम बदलायचा आणि कागद हातात घ्यायचा नाही. कोण कोणामागे जाणार ते सगळं डोक्यात. कोणी घसरला तर एक जण ओरडून त्याला जागेवर आणतो, त्याला आम्ही पुकाऱ्या म्हणतो. पुकाऱ्याला आठही जणांचं ध्यानात ठेवावं लागतं. आमचा पुकाऱ्या सिरिल. कॅप्टन मी, एनॉक व्हिटल, धंद्याने पाट्या रंगवणारा. कॅप्टन म्हणजे किल्ली माझ्याकडे आणि गावाची बोलणी पण मलाच.

युद्ध संपल्यावर तो आईच्या घरी राहायला आला. रोज गाडीने मँचेस्टरला जायचा, विद्यापीठात गणित शिकवायला. आई वारल्यावरही तिथेच एकटा राहिला. पायात सायकलच्या क्लिपा तशाच, सायकल घरी विसरलेली, असा माणूस. तालमीच्या पहिल्याच मंगळवारी क्लेम पोस्टमनने त्याला गाठलं. क्लेमचा भाऊ युद्धात जहाजाबरोबर बुडालेला, त्यामुळे प्रत्येकाला विचारायची त्याला खोडच होती.

"युद्धात काय करत होतास रे?"

"ऑफिसात होतो."

"ऑफिसात काय?"

"बेरजा."

"अस्सं! जर्मनांना बेरजा येत नव्हत्या म्हणून हरले होय ते!"

सगळे खो खो हसले. सगळ्यात जास्त सिरिलच हसला. मग त्याने विषय बदलून सहावीचा दोर हातात घेतला.

एक्कावन्न सालच्या ऑक्टोबरात आम्ही पाच हजार चाळीस फेऱ्या वाजवल्या, तीन तास नऊ मिनिटं, एकही क्रम दुसऱ्यांदा न येता. मांडणी सिरिलची, पुकारणंही त्याचंच. शेवटच्या तासात क्लेम दोनदा चुकला आणि मी एकदा. सिरिल नाव घेऊन एवढंच सांगायचा, "क्लेम, चौथ्यामागे. एनॉक, थांब जरा, आता जा." आवाज चढला नाही की काही नाही. खाली उतरलो तेव्हा मी पायरीवरच फतकल मारली आणि हा पठ्ठ्या बायबलच्या कपाटामागे लपवलेलं सँडविच शोधत होता. मी काळ्या पाटीवर सोन्याच्या वर्खाने आठ नावं लिहिली आणि पाटी मनोऱ्यात लावली.

पुढच्या फेब्रुवारीत त्याला पकडलं. स्टॉकपोर्टच्या एका रेल्वे क्लार्कबरोबर त्याचं सूत होतं. दोघं वयाने मोठे, कोणाचं काही बिघडवलेलं नाही. पण दोन पुरुषांमधलं असलं नातं तेव्हा कायद्याने गुन्हा होता. पोलिसाने विचारलं तर याने सरळ हो म्हणून सांगितलं. वेडा. कोर्टाने म्हटलं, तुरुंगात जा नाहीतर औषध घे. त्याने औषध घेतलं, म्हणजे नोकरी तरी राहील. बायकांच्या अंगातलं हार्मोन, इच्छा मारायला, एक वर्ष.

क्लेमला राहवलं नाही. "अरे, कोर्टात सांगायचंस ना, युद्धात सरकारची चाकरी केली म्हणून!"

"ते सांगता येत नाही, क्लेम."

"का म्हणून?"

"सही करून दिली आहे."

आम्ही म्हटलं, बेरजांची कसली आलीय सही? थापा मारतोय.

मे महिन्यात तो माझ्या शेडमध्ये आला. मी खाटकाची पाटी करत होतो. अंगात जाड कोट, वरपर्यंत बटणं लावलेला. कोट का, ते मी विचारलं नाही, मला कळलं होतं. छाती वाढत होती त्याची.

"एनॉक, मला मंगळवार तेवढा राहू दे," तो म्हणाला. "बाकीचं गेलं तरी बघीन मी. या औषधाने डोक्याचं काय होतंय ते मला समजत नाही. कॉलेजात कोणी तोंडावर सांगत नाही. घंटा खोटं बोलत नाही. मनोऱ्यात चुकलो नाही तोवर मी ठीक आहे."

"ये की," मी म्हटलं. "कोण अडवतंय तुला?"

अडवणारा महिनाभरात आलाच. हेस्केथ, चर्चच्या कमिटीचा. मोठा सभ्य माणूस, टोपी काढल्याशिवाय बोलायचा नाही. म्हणाला, "व्हिटल, त्याचं नाव पाटीवरून खरवडून काढा, आणि तो वर यायचा बंद करा. लोक पोरांना प्रार्थनेला पाठवेनात."

"वर्ख खरवडला तर पाटी जाईल," मी म्हटलं. "आठ जणांची मेहनत आहे ती. पाटीला हात लावायचा नाही. माणसाचं मी बघतो."

मला वाटलं, काय मस्त सौदा केला मी! दोन दिवस खुशीत होतो.

मंगळवारी तालीम सुरू झाली. पाचवी माझी, सहावी त्याची. कोट घालूनच वाजवत होता, घामाने निथळत होता. विसेक मिनिटं झाली असतील. मला तिसऱ्यामागे जायचं होतं आणि मी चौथ्यामागे गेलो. डोक्यात हेस्केथ, दुसरं काय.

"एनॉक, तिसऱ्यामागे," सिरिल म्हणाला.

"मी बरोबर आहे!" मी खेकसलो. का खेकसलो देव जाणे. चूक दाखवलेली मला खपत नाही, बायको अजून ऐकवते. "तूच चुकलास! नीट मोज!"

सगळा गोंधळ झाला. ठोके एकमेकांवर आदळायला लागले. बाकीच्या सहांना कुठे काय बिघडलं ते कळण्यासारखं नव्हतं. ते दोघांनाच कळू शकत होतं, त्याला आणि मला.

"थांबा," सिरिल म्हणाला. पाच वर्षांत पहिल्यांदा.

बाकीचे बिअर प्यायला गेले. तो तिथेच दोराला धरून उभा. त्याने विचारलं, "एनॉक, खरंच मी चुकलो?"

हा मोका आहे, एवढंच माझ्या डोक्यात आलं. हेस्केथचं नाव घ्यायला नको, त्या भानगडीचं नाव काढायला नको. कोणाचा अपमान नाही, काही नाही.

"हो," मी म्हटलं.

तो आकडे पुटपुटला, बोटांवर काहीतरी मोजलं, मध्येच थांबला. "नक्की?"

"नक्की. औषधाने होत असेल रे. तू आता विश्रांती घे. मंगळवार राहू दे."

"हो," तो म्हणाला. "बरोबर आहे." दोर नीट गुंडाळून खुंटीला अडकवला आणि जिना उतरून गेला.

मला तेव्हा काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं. मी मनाशी म्हटलं, एवढा हुशार माणूस, त्याला काय कळलं नसेल? चूक कोणाची ते त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. बिचाऱ्याने मला सांभाळून घेतलं, झालं. हेच मी मनाशी वर्षानुवर्षं म्हणत आलो. रस्त्यात भेटला की तो टोपीला हात लावायचा, मीही लावायचो.

चोपन्न साली दूधवाल्याला सिरिलच्या दारात दोन दिवसांच्या बाटल्या तशाच दिसल्या. डॉक्टरने काय लिहिलं ते मी विचारलं नाही. आपल्यातला वाजवणारा गेला की घंटेच्या लोलकाला एका बाजूने चामडं बांधतात, मग एक ठोका मोकळा पडतो आणि एक दबलेला. हेस्केथ म्हणाला, नको. मी म्हटलं, बरं. चामडी कपाटातच राहिली. त्या दिवशी मी बेकरीची पाटी पूर्ण केली आणि घरी येऊन पोटभर जेवलो.

त्यानंतर पंचवीस वर्षांनी, शनिवारी दुपारी, एक बाई मनोऱ्यात आल्या. मिस ऑड्री पेनफोल्ड, पिकलेले केस, रेनकोट. बराच वेळ पाटीसमोर उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, युद्धात त्या सिरिलच्या हाताखाली होत्या. आता बोलायची परवानगी मिळाली आहे. जर्मन पाणबुड्यांचे गुप्त निरोप उलगडायचे, हे त्याचं काम. किती जहाजं वाचली याची मोजदाद कोणी केलेली नाही.

मला एकदम क्लेमचा भाऊ आठवला, आणि क्लेमची ती बेरजांची चेष्टा. क्लेमही गेला होता तोवर.

"तुम्ही एनॉक ना?" त्यांनी विचारलं आणि पर्समधून एक पत्र काढलं. "हे बावन्नच्या जूनमधलं. तुमचं नाव आहे यात." चष्मा लावून त्यांनी वाचलं. "मनोऱ्यातही चुकलो, ऑड्री. माझं मला कळलं नाही, हे जास्त वाईट. आकडे माझ्या बाजूने होते, पण एनॉक म्हणाला चुकलास, आणि एनॉक कसाही असला तरी घंटेच्या बाबतीत खोटं बोलत नाही. म्हणजे डोकं गेलं. आता माझ्या कुठल्याच कामावर मी विश्वास ठेवू शकत नाही."

खाली कोणीतरी चर्चचा दरवाजा लावला. पत्राची घडी घालता घालता बाईंनी विचारलं, "खरंच चुकला होता का हो तो?"

"नाही," मी म्हटलं. "मी चुकलो होतो."

त्यांनी चष्मा काढला. रागावल्यासुद्धा नाहीत. "त्याने तुम्हाला विचारलं नव्हतं का?"

"विचारलं होतं," मी म्हटलं. "दोनदा."