टाकीचं पितळी झाकण

माझी गाडी माझ्यापेक्षा वयानं मोठी आहे, तरी सकाळी माझ्याआधी सुरू होते. हे मी कौतुकानं सांगतो आणि बायको तक्रार म्हणून सांगते. गाडीची पुढची दारं उलटी उघडतात, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर आहे आणि हॉर्नचा आवाज सर्दी झालेल्या मास्तरांसारखा आहे. देवळाली कॅम्पात एका बंगल्यामागच्या शेडमध्ये ती पडून होती. मी बघायला गेलो तेव्हा मागच्या सीटवर कोंबडी अंडी उबवत बसली होती. मालक म्हणाले, पिल्लं निघेपर्यंत थांबा. मी थांबलो. जुन्या गाड्यांचा नाद असेल तर थांबता यावंच लागतं.

मी अंबडच्या एका कारखान्यात टूलरूमला काम करतो. केसाएवढा फरक राहिला तरी आमच्याकडे पार्ट परत येतो, त्यामुळे कुणी 'चालतंय की' म्हणालं की माझं डोकं फिरतं. हीच खोड मी गाडीच्या कामातही चालवली. रविवार आला की मी गाडीखाली. मालेगावच्या भंगार बाजारात तासन्‌तास उकरून एक मागचा दिवा मिळवला, तेव्हा मला जेवढा आनंद झाला तेवढा स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता. हे मी एकदा घरात बोलून दाखवलं आणि त्या दिवशी जेवायला पिठलं मिळालं.

बायकोचं खरं भांडण होतं ते वासाशी. पार्किंग नेमकं आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. "अहो, वरणालासुद्धा पेट्रोलचा वास येतो," ती म्हणायची. पाहिलं तर टाकीचं झाकण गंजून गेलं होतं आणि त्याच्या मधोमध एक बारीक भोक होतं. गंजानं खाल्लं, दुसरं काय! मी ते झाकण फेकून दिलं. कारखान्यात परवानगी काढली आणि लेथवर पितळेचं नवं कोरं झाकण बनवलं. आतून रबराचं वॉशर घातलं. वारासुद्धा आत जाणार नाही असं काम झालं. ती खाली आली, टाकीजवळ नाक नेलं आणि म्हणाली, "आता बरंय." एवढं प्रशस्तिपत्र मला पुष्कळ होतं.

इंजिन झालं, रंग झाला. गाडी कॉलनीला चक्कर मारून परत यायची, त्यापलीकडे मी तिला नेत नव्हतो. काही ना काही काम बाकीच आहे असं मला वाटायचं. अशात सिन्नरच्या माझ्या मेव्हण्यानं गिऱ्हाईक आणलं. लग्नाच्या एका लॉन्सचे मालक. त्यांना गाडी गेटवर चौथऱ्यावर ठेवायची होती. चाकं सिमेंटमध्ये बसवायची, बॉनेटमध्ये फुलझाडं लावायची आणि नवरा-नवरीनं पुढं उभं राहून फोटो काढायचे. ते ऐकून मी ताट बाजूला सारलं.

शेवटी बायकोनंच तोड काढली. "दसऱ्याला माहेरी जायचंय. ही गाडी आपल्या पायानं सिन्नरला पोचली तर राहू द्या. टोचन लावून ओढत न्यायची वेळ आली, तर तशीच त्या लॉन्सवर सोडून येऊ." अट रास्त होती, त्यामुळे मला भांडताही येईना.

दसऱ्याच्या सकाळी पान्यांना हळदकुंकू लावलं, गाडीला झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि निघालो. नाशिकरोड ओलांडलं तशी गाडी खुशीत आली. शेजारून जाणारे लोक काचा खाली करून मोबाइल धरत होते. बायकोनं पदर सावरून घेतला. मी एकदा विनाकारण हॉर्नही वाजवला.

पळश्याच्या आसपास गाडीनं आचके दिले आणि ती गप्प झाली. मी बॉनेट उघडून प्लग पाहिले, ठिणगीचा पॉइंट घासला. बायको उतरली. "पेट्रोल तरी भरलंय का?" मी पुन्हा प्लगकडे वळलो. तिनं स्वतः मागं जाऊन झाकण फिरवून पाहिलं, पुन्हा लावलं आणि म्हणाली, "आहे." मी चावी फिरवली तर गाडी सुरू! मग पॉइंट कसा घासावा लागतो ह्यावर मी तिला पुढचा सगळा रस्ता व्याख्यान दिलं.

मोहदरीच्या घाटात, ऐन चढावर, ती पुन्हा बंद पडली. ह्या वेळी पॉइंट घासूनही काही होईना. मागं ट्रक भोंगे वाजवत होते. एक पिकअपवाला थांबला. "बाबा, टोचन करू का? वर सोडतो."

दोर माझ्या डिकीत होताच. मला सिमेंटमध्ये रुतलेली चाकं दिसायला लागली. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला मी बॉनेटमध्ये आणखी वाकलो.

"थांबा हो दादा," बायको त्याला म्हणाली. ती मागं गेली आणि तिनं झाकण फिरवलं. फुस्स! एवढा मोठा सुस्कारा की मला पुढं ऐकू आला. "मघाशी पण असाच आवाज आला होता," ती म्हणाली. "आता मारा चावी."

गाडी सुरू झाली आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. ते भोक गंजाचं नव्हतंच. पेट्रोल कमी होतं तशी टाकीत त्या भोकातून हवा जावी लागते. हवा गेली नाही की पेट्रोल पुढं सरकत नाही. मी इतकं नेटकं झाकण बनवलं होतं की बिचारीचं नाकच दाबून टाकलं. कॉलनीच्या चकरेत हे कळायचं कसं?

मी बायकोला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "म्हणजे माझ्या वासाच्या कटकटीपायी?"

मी झाकण तिच्यापुढं धरलं. तिनं झाकणातलं वॉशर नखानं उचकटून काढलं, रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकलं आणि झाकण सैलसर लावलं.

"वास येईल," मी म्हणालो.

"येऊ दे," ती म्हणाली आणि गाडीत बसली.

पिकअपवाला हात हलवून पुढं गेला. आम्ही घाट चढलो. गाडीभर पेट्रोलचा वास होता आणि बायको नाकाला पदर न लावता बाहेर बघत होती. मला तिचा फार लोभ वाटला.

मेव्हणा आणि लॉन्सचे मालक ओट्यावर वाट बघत बसले होते. "दाजी, लय भारी झाली हो गाडी," मेव्हणा म्हणाला. मालकांनी गाडीभोवती एक फेरी मारली, उलटी दारं उघडझाप करून पाहिली आणि नेमकं विचारलं, "रस्त्यात बंद नाय ना पडली?"

मला खोटं बोलता येत नाही. मी रुमाल काढून बॉनेट पुसायला लागलो.

"घाटात जरा थांबलो होतो," बायको म्हणाली. "वरून छान दिसतं." आणि तिनं पर्समधून आपट्याची पानं काढून सगळ्यांना सोनं वाटायला सुरुवात केली.

मालकांनी आपलं पान घेतलं, नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं. "ताई, सोन्याला पेट्रोलचा वास येतोय."

"येणारच," ती म्हणाली. "चालती गाडी आहे."