दरवाजा क्रमांक दोनची टाळी

माझे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, सव्वीस वर्षं एका सभागृहाच्या दरवाजा क्रमांक दोनवर उभे आहेत. हुद्दा डोअरकीपर. तिकीट फाडायचं, टॉर्चने खुर्ची दाखवायची, ठसका लागलेल्याला हळूच बाहेर न्यायचं. पण त्यांचं खरं काम पगारात धरलेलं नाही. ते म्हणजे पहिली टाळी वाजवणं.

हसू नका. वादन कुठे संपतं हे प्रेक्षकांना कधीच नक्की कळत नाही. वादक जरा थांबला की भले भले जाणकार शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघतात. भावोजी मात्र मधल्या फसव्या थांब्याला ढिम्म हलायचे नाहीत. खरा शेवट आला की दोन श्वास जाऊ द्यायचे आणि अशी खणखणीत टाळी द्यायचे, की तिच्यामागोमाग अख्खं सभागृह सुटायचं.

मग लोकांच्या हातात फोन आले. टाळीला दोन हात लागतात, ते आता कुठून आणणार? मंडळी तिकीट काढून येतात, समोरचा जिवंत माणूस तळहाताएवढ्या पडद्यावर बघतात, आणि कार्यक्रम फार रंगला तर एका हाताने मांडीवर दोन चापट्या मारतात. भावोजींची टाळी एकटीच घुमायला लागली. त्यावर तक्रार आली: "आमच्या व्हिडिओत मागून कुणीतरी फटाफट आवाज करतंय." रसिकतेची कमालच म्हणायची! मॅनेजरने त्यांना बोलावून जरा हळू वाजवायला सांगितलं. भावोजी "हो साहेब" म्हणाले आणि तितक्याच जोरात वाजवत राहिले. त्या बाबतीत माणूस हट्टी.

माझी भाची व्हायोलिन शिकते. तिचं पहिलं जाहीर वादन त्याच सभागृहात ठरलं आणि पोरीची झोप उडाली. तिच्या वाट्याला आलेली रचना शेवटाकडे इतकी हळू होत जाते, की ती संपली की वाजवणारी विसरली हेच कळत नाही.

"बाबा, मी थांबले आणि कुणीच वाजवलं नाही, तर मी तिथेच रडेन हं. तुम्ही वाजवाल ना लगेच?"

"अगं, इतकी वर्षं परक्यांसाठी वाजवली. तुझ्या वेळी विसरेन होय?"

ताई नर्स आहे. खूप विनवण्या करूनही तिला त्या दिवशी पाळी बदलून मिळाली नाही. निघताना तिने आपला फोन नवऱ्याच्या हातात कोंबला. "सगळं घ्या, एक सेकंदही सोडायचा नाही. आणि दोन्ही हातांनी धरा. मागच्या वेळी नुसती जमीन आली होती."

तर दरवाजा क्रमांक दोनवर भावोजी उभे राहिले, दोन्ही हातांनी फोन धरून. आज्ञाधारक नवरा. भाचीने फार सुंदर वाजवलं. माझे डोळे भरून आले, हे सांगायला मला लाज नाही. फसवा थांबा आला, गेला. मग शेवटचा सूर विरला आणि सभागृहात चिडीचूप. सगळे फोन जागच्या जागी. मी मामा, तिसऱ्या रांगेत बसलेलो; मी तरी टाळी द्यायची होती. पण माझ्या फ्रेममध्ये ती इतकी छान दिसत होती की मी हात हलू दिला नाही. मूर्खांना काही वेगळी शिंगं असतात थोडीच! ती अर्धवट वाकली आणि आत निघून गेली. तेव्हा कुठे लोकांनी फोन खिशात टाकून टाळ्या वाजवल्या, रिकाम्या स्टेजसाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने आम्हा सगळ्यांना टेबलाभोवती बसवून व्हिडिओ लावला. अप्रतिम आला होता. जरा म्हणून हात हललेला नव्हता. भावोजी मात्र खिडकीबाहेर बघत होते. शेवटी भाची व्हायोलिन खाली घेते, मान वळवते आणि थेट आपल्याकडे बघत राहते. मी मोजले, अकरा सेकंद.

"किती गोड दिसतेयस गं!" ताई म्हणाली. "पण इथे तू शोधतेयस कुणाला?"

"कुणाला नाही," भाची म्हणाली. "बाबा दिसत होते ना. फोनच्या उजेडात अगदी स्पष्ट."