टिकलीखालचं बटण

किस्से काही कुणी मुद्दाम जमवत नाही. फोन उचलत राहिलं की ते आपोआप साठतात! हिंगोलीतल्या आमच्या संस्थेच्या गावोगावच्या केंद्रांत लेकरांचं वजन-उंची कॉम्प्युटरवर नोंदवतात. त्या सॉफ्टवेअरमध्ये मेनूच्या पोटात मेनू. कुठलं बटण कुठं आहे, हे फोनवर सांगणं माझं काम.

* * *

गोरेगावच्या केंद्राचे दत्तराव बटणाचा पत्ता गावाच्या पत्त्यासारखा विचारतात.

"मॅडम, अहवालाच्या चौकात उभा हाय. आता कुनीकडं वळू?"

नंतर एका नव्या बाईंना त्यांनीच समजावलं, "उजवीकडं तीन टिंबं लागतात, तिथून सरळ खाली. चुकलात तर मधूनच वळू नका, पयल्या पानावर जाऊन पुन्हा निघा!"

माझ्यापेक्षा बराबर सांगतात, खोटं कशाला बोलू?

* * *

त्याच नव्या बाईंना मी एकदा म्हटलं, "स्क्रीनचा फोटो पाठवा."

फोटो आला. त्यात बाई छान पदर घेऊन उभ्या, आणि कॉम्प्युटर त्यांच्या पाठीमागं!

"पोरीनं काढला, मॅडम. चांगला आला न्हाई का?"

चांगलाच आला होता.

* * *

शिरड शहापूरच्या कमलबाईंना 'जतन करा' सापडायचं नाही. मी जागा दाखवली, तर त्यांनी स्क्रीनवर तिथंच टिकली चिकटवली.

दुसऱ्या दिवशी फोन. "मॅडम, बटन पळालं! टिकली जागीच हाय."

पान वर सरकलं होतं. आता त्या काय करतात? बटण टिकलीखाली येईपर्यंत पान सरकवत बसतात!

* * *

मग मुख्य कार्यालयातून साहेब आले. सॉफ्टवेअरमध्ये नवं मदतीचं बटण आलंय, त्यामुळं फोनची सोय बंद, म्हणजे माझी नोकरीही बंद.

सगळ्या केंद्रांची बैठक भरली. भिंतीवर मोठा पडदा. साहेब म्हणाले, "हे बटण असताना फोन काहून पाहिजे? बघा, एका मिनिटात दाखवतो."

एका मेनूत गेले, दुसऱ्यात गेले, परत आले. कपाळावर घाम. कुणी हसलं नाही, पण खोकले बरेच जण.

शेवटी कमलबाई उठल्या. कपाळावरची टिकली काढली आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात चिकटवली.

"हितं हाय, साहेब."

साहेब खूश. "वा! तुम्हाला कसं सापडलं?"

"मॅडमला फोन केला व्हता ना!"